भिंतीआडचा चंद्र

बेचाळीसच्या चळवळीत तालुक्यातली पोरं तुरुंगात गेली आणि पाठोपाठ भाऊबीज आली. दिवेलागणीला सगुणा कासारीण ओवाळायचं ताट घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहिली.

जेलर इनामदारसाहेब म्हणजे इंग्रज सरकारचे मोठे इमानी. मिशीला पीळ देत त्यांनी विचारलं, "यातला तुझा सख्खा भाऊ कोण?"

"मला भाऊच नाही, साहेब."

"मग जा की! भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात, एवढंही ठाऊक नाही?"

शिपाई फिदीफिदी हसले. सगुणानं पश्चिमेकडे पाहिलं. बीजेची कोर नुकतीच तुरुंगाच्या उंच भिंतीमागे उतरली होती.

"त्यालाच ओवाळायला आलेय, साहेब. पण तुमच्या सरकारनं त्यालाही आत टाकलंय. दार उघडा."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी शिपायाला खूण केली. दार उघडलं.

ओवाळताना डोकं उघडं नको, म्हणून कुणी पोरानं पंचा घेतला, कुणी नुसताच हात ठेवला. शेवटी ताट साहेबांपुढे आलं. ते ओशाळून आपली सरकारी बिल्ल्याची टोपी काढू लागले.

"राहू द्या, दादा," सगुणा म्हणाली. "टोपी सरकारची असली, तरी खालचं डोकं माझ्या माहेरचं आहे."