बुटुकचा राहिलेला थेंब

एक होतं कोंबडीचं पिल्लू. पिवळं पिवळं, मूठभर. नाव त्याचं बुटुक.

एकदा आल्या पशुसखी अलकाताई, गावातल्या कोंबड्या-जनावरांना औषध देणाऱ्या. हातात थर्मास. थर्मासात बर्फ. बर्फात औषधाची बाटली.

"या रे सगळे! मानमोडीचं औषध! नाही घेतलं, तर मान होईल अश्शी वाकडी!"

पिल्लं आली. डोळ्यात एकेक थेंब. टप्प! टप्प! टप्प!

आणि बुटुक? बुटुक झोपलं होतं ताईंच्या चपलेत. घुर्र घुर्र! उठलं, तर सगळ्यांचं उरकलेलं.

"ताई ताई, माझा थेंब?"

"आत्ता उगवलंस होय! बर्फ संपत आला बघ. औषध तापलं की गेलं वाया. इंदूकाकूंकडून बर्फ आण, मग थेंब देते."

निघालं बुटुक. तुरुतुरु, तुरुतुरु!

काकू पायरीवर. कोण कुठं चाललंय, बघत बसलेल्या.

"काकू काकू, बर्फ द्या!
ताई थेंब देईना,
माझी मान वाकडी होईल ना!"

"कुणाचं रे तू? खाल्लंस काय? बरं, म्हशीकडून दूध आण. चहाशिवाय मी उठत नाही!"

तुरुतुरु, तुरुतुरु!

"म्हशीमावशी, दूध दे!
काकू बर्फ देईना,
ताई थेंब देईना,
माझी मान वाकडी होईल ना!"

"हम्म्म! आधी वेलाची पानं आण."

तुरुतुरु, तुरुतुरु! कुंपणावर भोपळ्याचा वेल.

"वेलमामा, पानं दे!
म्हैस दूध देईना,
काकू बर्फ देईना,
ताई थेंब देईना,
माझी मान वाकडी होईल ना!"

"फुकट? आधी खत घाल!"

तुरुतुरु, तुरुतुरु!

"आई आई, खत दे!
वेल पानं देईना,
म्हैस दूध देईना,
काकू बर्फ देईना,
ताई थेंब देईना,
माझी मान वाकडी होईल ना!"

"माझं सकाळीच झालं बाई," कोंबडी म्हणाली. "तुझं तू कर की!"

बुटुक पळालं. वेलाखाली बसलं. डोळे मिटले. जोर केला. गुडगुड... गुडगुड... पिच्च!

"आहाहा! गरमागरम!" वेल डोलला. वेलानं दिली पानं. कुरुम कुरुम! म्हशीनं दिलं दूध. चर्र चर्र! काकूंनी केला चहा. फुर्र फुर्र! काकूंनी काढला बर्फ. आणि बर्फ घेऊन स्वतःच निघाल्या. बघायचं होतं ना!

बर्फ थर्मासात. खळ्ळ! बाटली अजून गारच होती. ताईंनी बुटुकला उचललं. डोळा उघडला.

टप्प!

मिचमिच, मिचमिच.

"झालं?" बुटुकनं विचारलं.

"झालं!"

"हात्तिच्या! एवढंच?"

बुटुकला मिळाला थेंब, काकूंना मिळाला चहा. ऐकणाऱ्याला काय? एक गोड पापा! आण बरं गाल इकडे!