कोऱ्या रकान्यातलं शून्य

“रकाना रिकामा ठेवून कुणाचं भलं होणार होतं, अप्पाजी?”

रेवणचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. समोर अप्पाजी, मठाचे वृद्ध स्वामी. आणि पायरीशी म्हेत्रेवस्तीची गंगव्वा, हातात पाण्याची बाटली धरून.

तिनं नुकतंच सांगितलं होतं, “यादीत आमची हीर हिरवी हाय. पर पाणी तपासाय न्यायला कुनी आलंच न्हाई. म्हनून मीच घिऊन आले.”

पूर ओसरल्यावर आसपासच्या विहिरींचं पाणी तपासून घ्यायचं काम मठानं अंगावर घेतलं होतं. रेवण हैदराबादची नोकरी सोडून अप्पाजींजवळ शिकायला आलेला. एक्सेलमध्ये आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो सांगे, आणि ते खोटंही नव्हतं. प्रयोगशाळेतून आलेला जंतूंचा आकडा तो तक्त्यात भरी. जंतू असले की ओळ लाल, शून्य असलं की हिरवी. हिरव्या विहिरींची यादी गावोगावच्या चावडीवर लागे.

काही रकाने कोरे होते. तिथलं पाणी अजून आलंच नव्हतं. त्यांच्यापायी आलेखाची रेघ मध्येच तुटायची. दिसायला वाईट. रेवणनं एका झटक्यात सगळ्या कोऱ्या जागी शून्य भरून टाकलं होतं.

अप्पाजींनी गंगव्वाकडून बाटली मागून घेतली, पेल्यात पाणी ओतलं आणि पेला रेवणपुढे धरला.

“पी.”

पाणी नितळ होतं. रेवणनं पेला ओठांपर्यंत नेला... आणि तिथंच थांबला.

“तपासलेलं नाही, अप्पाजी.”

“तुझ्या तक्त्यात काय आहे?”

“शून्य.”

“मग पी.”

रेवणनं पेला ओठांपासून दूर केला.

“आमी पितोय की,” गंगव्वा म्हणाली. “आदी उकळून पीत हुतो. यादी लागली, तवापासनं तसंच पितोय. सून पोटुशी हाय, तीबी.”

पेला खाली ठेवून रेवणनं मोटारसायकल काढली, गंगव्वाला मागे बसवलं आणि वस्ती गाठली. घरोघर सांगितलं, उकळल्याशिवाय घोटभरही पिऊ नका. गंगव्वाची सून दारातच धुणं पिळत बसली होती. “बरी आहेस ना?” त्यानं विचारलं. ती नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली. अनोळखी माणूस असं का विचारतोय, तिला कळेना. विहिरीचं पाणी नीट भरून घेऊन त्यानं ते प्रयोगशाळेत पोचवलं. उद्या कळेल, तिथले लोक म्हणाले.

उद्या!

परतल्यावर त्यानं तक्ता उघडला. आपण भरलेली शून्यं तेवढी काढून टाकू... आणि त्याची बोटं थिजली.

तपासून आलेलं शून्य कुठलं आणि आपण भरलेलं कुठलं? सगळी एकसारखी. मूळ तक्त्याची प्रत त्यानं ठेवली नव्हती. त्याच फाइलवर सेव्ह करून मोकळा झाला होता.

“अप्पाजी, ओळखू येत नाहीत...”

“मग कुठल्या शून्यावर विश्वास ठेवशील?”

“कुठल्याच नाही.”

अप्पाजींनी मान हलवली.

रेवणनं सगळी शून्यं पुसली, खरीसुद्धा. गावोगाव फोन करून याद्या उतरवायला लावल्या. फोन उचलेपर्यंतची प्रत्येक रिंग त्याच्या छातीत वाजत होती. मग प्रयोगशाळेत बसून एकेका विहिरीचा अहवाल काढून घेतला आणि तपासून पुन्हा भरला. जिथं अहवाल नव्हता, तिथं अक्षरी लिहिलं : ‘तपासणी बाकी’. या नव्या तक्त्याची प्रत तारीख घालून वेगळी ठेवली. आलेखाची रेघ तुटली तशीच राहिली.

बाकी राहिलेल्या सगळ्या विहिरींचं पाणी त्यानं स्वतः नेऊन दिलं. ओढ्यापलीकडची एक विहीर तर तपासण्याआधीच दूषित निघाली; पाण्यावर मेलेलं जनावर तरंगत होतं. तिथली माणसं पुरामुळे अजून शाळेतच मुक्कामाला होती, म्हणून वाचली. म्हेत्रेवस्तीचं मात्र अजून कळलेलं नव्हतं. सून... तिच्या पोटातलं बाळ...

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. रेवण धावत ओसरीवर आला. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही होतं.

“अप्पाजी, शून्य! म्हेत्रेवस्तीच्या विहिरीत एकही जंतू नाही. म्हणजे... मी भरलेलं शून्य बरोबरच होतं की!”

“हे शून्य विहिरीचं आहे,” अप्पाजी म्हणाले. “ते तुझं होतं.”