वर म्हणजे कुठे?

डोंगरांनी वेढलेल्या एका जंगलात, ओढ्यातल्या खोल डोहाच्या काठी एक हरिणी राहत असे. तिचे पाडस जेमतेम दोन महिन्यांचे होते. एके सकाळी ते डोहाचे पाणी पिऊन आले आणि दुपारपर्यंत त्याच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले. शेजारच्या सांबरिणीचे पिल्लूही त्याच दिवशी तसेच आडवे झाले. हरिणीच्या काळजाचे पाणी झाले. आसपास दुसरे पाणी हरिणीला ठाऊक नव्हते आणि तहानलेले पाडस पुन्हा पुन्हा डोहाकडेच मान वळवत होते.

मुलांनो, त्या जंगलात तीन विद्वान होते, आणि आपण विद्वान आहोत हे ते कुणालाही विसरू देत नसत. खेकड्याला पाण्याची खडान्‌खडा माहिती होती, अस्वलाला झाडपाल्याची, आणि घारीला आकाशातून सारा मुलूख दिसे. हरिणी धावतच तिघांकडे गेली. "माझा तळ स्वच्छ आहे, त्रास वरून येतोय," असे खेकडा म्हणाला. अस्वलाने पाडसाचे तोंड हुंगले आणि सांगितले, "खालच्या झुडपांत असलं काही नाही. त्रास वरून येतोय." घार म्हणाली, "डोहावर मी रोज घिरट्या घालते, इथं काही बिघडलेलं नाही. त्रास वरूनच येतोय."

झाले! तिघांचे एकमत! शहाण्यांचे एकमत झाले की त्यांना काम झाल्यासारखेच वाटते. तिघांनी एकमेकांची तोंडभरून स्तुती केली आणि तिघे तीन दिशांना गेले. खेकडा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन नांग्या परजून बसला. अस्वल सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर चढले. घार ढगांत शिरली. एक दिवस गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सांबरिणीचे पिल्लू मेले. पाडसाने डोळे मिटून घेतले होते, पोट तेवढे हलत होते.

आता मात्र हरिणी संतापली. तिने हाका मारमारून तिघांना काठावर आणले आणि विचारले, "वर म्हणजे कुठं?"

"हा काय प्रश्न झाला? वर म्हणजे पाण्याच्या वर," खेकडा म्हणाला.

"छे! वर म्हणजे झाडाच्या शेंड्याला," अस्वल गुरगुरले.

"अहो, वर म्हणजे आभाळात!" घार हसली. मग तिचे हसू तोंडातच राहिले. तिघे एकमेकांकडे पाहू लागले.

"पुरे!" हरिणी ओरडली. "माझं लेकरू चाललंय. तो शब्द आता कुणी उच्चारायचा नाही. जे डोळ्यांनी पाहिलंत, तेवढंच सांगा."

खेकडा चाचरत म्हणाला, "ओढा डोहात येतो ना, तिथले मासे तीन दिवस झाले गुंगून उलटे तरंगतायत. तळातले मात्र धडधाकट आहेत."

"मासे गुंगतायत?" अस्वल ताडकन उठले. "अरे, मग हा हुऱ्याचा विषारी चीक! पण हुऱ्याचं झाड इथं कुठाय? ते तर ओढ्याच्या उगमाकडं, कड्यावर आहे."

"कड्यावर?" घार म्हणाली. "तिथली दरड पाडस आजारी पडलं त्याच पहाटे कोसळली. झाड ओढ्यात आडवं पडलंय. मला वाटलं, दरडीचं काय सांगायचं!"

"आणि तळातले मासे कसे जगले, खेकडेदादा?" हरिणीने विचारले.

"तिथं खडकातून झरा फुटतो. त्याचंच पाणी जांभळीखालच्या कपारीत पाझरतं."

हरिणीने पुढचे ऐकलेच नाही. तिने पाडसाला ढकलत, ओढत कपारीपाशी नेले. अस्वलाने दोन पंज्यांत चिखल उपसला. पाणी थेंब थेंब येऊ लागले, पण पाडस तोंडच उघडेना. हरिणी जीभ ओली करून त्याच्या ओठांवरून फिरवत राहिली. इकडे घार वाट दाखवायला पुढे उडाली आणि अस्वलाने धापा टाकत जाऊन ते झाड ओढ्यातून ओढून काढले. ऊन उतरायला लागले तेव्हा पाडसाने पहिला घोट गिळला. दुसऱ्या दिवशी ते धडपडत उभे राहिले, तेव्हा हरिणीला रडूच कोसळले.

तिन्ही विद्वान पाडसाला पाहायला आले. "बघितलंत? आमचं ज्ञान कामी आलं की नाही!" अस्वल छाती फुगवून म्हणाले.

सांबरीण जवळच उभी होती. ती हळूच म्हणाली, "दादा, मासे, हुरा, दरड… हे सगळं तुम्हा तिघांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं ना?"

अस्वलाची फुगलेली छाती खाली बसली.

तात्पर्य : आपापले ज्ञान आपल्यापाशीच ठेवणारे शहाणे कितीही असले, तरी मोठे संकट टळत नाही; म्हणून सर्वांनी आपले शहाणपण वेळेवर एकत्र मांडावे आणि एकमेकांना "म्हणजे काय?" असे विचारण्याची लाज बाळगू नये.