खडूस आत्याची तालीम

केतकीला कॉम्प्युटर प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची नोकरी हवी होती, पण मुलाखतीत कुणी नाक मुरडलं की तिची दातखीळच बसायची. हातातोंडाशी आलेल्या नोकऱ्या अशाच गेल्या. शेवटी चौथी शिकलेली कमळाआत्या चष्मा लावून रोज घरीच मुलाखत घेणारा साहेब व्हायला लागली. मोबाइलवरून जावा, पायथन असल्या कॉम्प्युटरच्या भाषांचे प्रश्न अडखळत वाचायची आणि उत्तर कळो न कळो, खेकसायची, "हॅ! एवढंच? पुढचं सांग!"

या वेळच्या खऱ्या मुलाखतीतला मेला साहेब तोऱ्यातच बसलेला. "जावा येतं, पायथन येतं, सी येतं! म्हणजे पक्कं कशातच नाही. मी वीस वर्षं प्रोग्रॅम लिहितोय, आमच्या कामात आजवर एक चूक निघालेली नाही."

केतकी जराही अडखळली नाही. "मग साहेब, चुका शोधायला माणूस पाहिजे, ही जाहिरात कशाला दिलीत?"

साहेबाशेजारी बसलेल्या मॅडम फसकन हसल्या. साहेब लालबुंद झाला, मग त्यालाही हसू आवरेना. "आल्या आल्या माझीच चूक पकडलीस. सोमवारपासून ये कामाला."

बाहेर पडताच केतकीने फोन लावला. "आत्या, लागली गं नोकरी! साहेब खडूस होता, पण तुझ्यापुढं अगदी गरीब गाय. तू होतीस म्हणून झालं गं."

"हॅ! एवढंच?" आत्या खेकसली, पण आज 'पुढचं सांग' म्हणायला विसरली.