पाणपोईची शिल्लक

"दर पाडव्याला तुमचा हिशेब शून्यावर येतो!" राजा जसवंतराव कडाडला. "देणगी माझी, आणि उरत काहीच नाही?"

घाटातली पाणपोई गावातली पाच घरं पाळीपाळीनं, बिनपगारी चालवत. देणगी रांजण, दोर आणि पखालीवाल्याच्या मजुरीतच संपे. पाचांचे म्होरके धोंडजी चाचरत म्हणाले, "महाराज, लोकांनी पाणी प्यायलं. त्यातून काय उरणार?"

"तेच दाखवा. प्यायलेल्या पाण्यातलं उरलेलं उद्या इथं आणा. विकत घेतलेलं नको, मागून आणलेलं नको. नाहीतर पाणपोई बंद."

ऐन चैत्रात पाणपोई बंद म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन कोरड्या घशानं घाट चढायचा. धोंडजींना रात्रभर झोप लागली नाही. त्यांची लेक चिमा मात्र सकाळी उठली, कोयता घेऊन घाटात गेली आणि तिथून थेट दरबारात आली. डोक्यावर केळ्यांचा घड होता.

"ही शिल्लक, महाराज."

"त्या खडकात केळी? पाणी कोण घालतं?"

"वाटसरू. आम्ही वरून धार धरतो, ते ओंजळीनं पितात. थोडं कोपरावरून ओघळतं. ते चरातून केळीच्या मुळाशी जातं."

"केळ लावली कुणी?"

"आईनं." चिमानं घड खाली उतरवला. "ती आता नाही. पाणी रोज पडतं."

राजाचा आवाज जरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. "हे झालं सांडलेल्याचं. प्यायलेल्याचं काय?"

"ते महाराजांकडेच जमा आहे."

"माझ्याकडे?"

"घाटमाथ्यावरच्या नाक्यावर. हमाल पाणी पितात, म्हणून माल वर चढतो. माल चढतो, म्हणून जकात मिळते."

राजानं खजिनदाराकडे पाहिलं. "काय हो, जकात वाढली आहे?"

खजिनदारानं घसा साफ केला. "पाणपोई झाल्यापासून दुप्पट, महाराज."

"आणि हे मला ही पोर सांगते!" राजा इतका हसला, की मांडीवरची शाल खाली घसरली. त्यानं घडातलं एक केळं तोडलं, सोलून खाल्लं आणि म्हणाला, "देणगीही दुप्पट करा. पण दर पाडव्याला शिल्लकेचा एक घड इथं आला पाहिजे."

"येईल, महाराज," चिमा म्हणाली. "फक्त शिकारीला जाताना आमच्याकडे पाणी प्या, आणि थोडं सांडा."