बार्शीच्या वेशीवरचं पंक्चर

पुण्याचे गिझरवाले कोठारेशेठ आमच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीला उशिरा पोचले, आणि आल्या आल्या गिझर दुरुस्त करणाऱ्या शेवंताताईंवर घसरले.

"वेबसाइटचं नाव 'बार्शीगिझर'? गावातच कुजाल! दुकान माझ्या 'विश्वसम्राट' कंपनीत सामील करा."

मंडळी माना डोलवू लागली. ताईंची पाटी आता उतरणार, असंच मला वाटलं.

ताईंनी चहा पुढे केला. "शेठ, उशीर का झाला?"

"वेशीवर टायर पंक्चर झालं."

"मग मोबाइलवर काय शोधलंत?"

"काय म्हणजे? 'बार्शी पंक्चर'!"

"अगंबाई! एवढं विश्व सोडून बार्शीच?"

हशा पिकला, पाटी राहिली. निघताना शेठ माझ्या कानाशी लागले, "'पुणेगिझर' नाव कुणी घेतलं नसेल ना हो?"