सांध्यावरचा हार

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती, कुंभेरी आणि निंबगाव. दोन्ही गावांत कापडावर छपाई करणारी माणसं राहत. कुंभेरीची माणसं निंबगावाला 'पलीकडचं गाव' म्हणत आणि निंबगावची माणसं कुंभेरीला 'पलीकडचं गाव' म्हणत. आपलं गावही कुणाचं तरी पलीकडचं आहे, हे दोघांपैकी कुणालाच कधी पटलं नव्हतं.

तरी वर्षातून एक दिवस दोन्ही गावं एकत्र येत. माघ महिन्यात, सुगी घरात आली की नदीला साडी नेसवायची, अशी तिथली रीत होती. ही साडी या काठापासून त्या काठापर्यंत पोचेल एवढी लांब असे. अर्धी कुंभेरीनं छापायची, अर्धी निंबगावानं. पांढऱ्या कापडाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळ्या लाटांचा पट्टा. दोन्ही अर्धी कापडं होड्यांवरून नदीच्या मध्यावर आणायची आणि तिथे होडीतच बसून त्यांची टोकं एकमेकांना टाचायची.

गोम होती ती या सांध्यात. प्रत्येक गाव आपल्या मनासारखी लाट काढी आणि सणाच्या दिवसापर्यंत ती पलीकडच्यांना दाखवत नसे. त्यामुळे लाटा कधीच जुळत नसत. कुंभेरीची लाट वर संपे आणि निंबगावची खालून सुरू होई. मग सांध्यावर झेंडूचा जाड हार घालून ती तूट झाकली जाई. हार घालता घालता भांडण होई, ते वेगळंच.

"तुमची लाट चुकली."

"आमची? विचारा नदीला, कुणाची चुकली ते!"

होडी चालवणारा गणू भोई म्हणे, "तुम्ही खुशाल भांडा, पण हार तेवढा सांभाळा. तो पडला तर नदीला कळेल, तिला ठिगळाची साडी नेसवलीय."

मागल्या वर्षी तर भांडण फारच वाढलं. ढकलाढकलीत निंबगावच्या पाटलांचा फेटा पाण्यात पडला. ते चिडून म्हणाले, "पुढच्या खेपेला सांधा जुळला तर जुळला. नाही जुळला, तर त्यानंतर ज्यानं त्यानं आपापल्या काठाला आपापलं कापड बांधावं!"

कुंभेरीची माणसंही म्हणाली, "बरं!"

रागाच्या भरात म्हटलेलं 'बरं' मागे घेणं फार अवघड असतं.

कुंभेरीत रंगाऱ्यांच्या घरी केतकी नावाची सून होती. तिचं माहेर निंबगावचं. सणाच्या दिवशी तिची आई त्या काठावर साडीचं टोक धरून उभी राही. केतकीही दरवर्षी या काठावरचं टोक धरी. एवढ्या रुंद नदीच्या दोन बाजूंनी मायलेकी एकच कापड धरत. आईनं तिकडून हलकेच ओढलं की केतकीला इकडे कळे. पाटलांचं बोलणं ऐकल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. साडीच थांबली, तर हे कापडही हातातून जाणार.

केतकीच्या सासऱ्यांचा छपाईचा कारखाना होता. त्यांना सगळे तात्या म्हणत. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर केतकी नक्षी काढी. लाटा काढण्यात तर तिचा हातखंडा होता. आधी एक सरळ रेघ ओढायची. कॉम्प्युटरला सांगितलं की त्या रेघेला एकसारखे चढउतार येत. मग टोकदार शेंडे गोल केले की झाली लाट. तिच्या खाली आणखी एक लाट काढायची, जरा संथ. शेवटी दोन्ही निवडून कॉम्प्युटरला म्हणायचं, मधली जागा तू भर. की वरच्या लाटेपासून खालच्या लाटेपर्यंत हळूहळू शांत होत जाणाऱ्या रेघाच रेघा उमटत. बघणाऱ्याला वाटे, पडद्यात पाणी भरलंय.

"सून आमची भारी लहरी आहे हो," असं तात्या आल्यागेल्याला सांगत आणि आपल्याच विनोदावर हसत.

निंबगावात केतकीची मैत्रीण हंसा हेच काम करी. दोघी लग्नाआधी एकाच कॉम्प्युटरच्या क्लासात शिकल्या होत्या. तिथल्या बाई सांगत, "रेघेच्या वळणावर एक बिंदू असतो. त्याला दोन हात असतात. एक मागच्या रेघेकडे जातो, एक पुढच्या. दोन्ही हात एका ओळीत ठेवलेत तर रेघ अलगद वळेल. दोन हातांची दोन तोंडं केलीत, तर तिथे चोच येईल." कुठे टोक निघालं की दोघी एकमेकींना अजूनही चिडवत, "चोच आली गं!"

एरवी त्यांचं रोज फोनवर बोलणं होई. सण जवळ आला की मात्र हंसा म्हणे, "आमच्याकडे नक्षी सुरू झाली बाई. आता साडी नेसवली की बोलू." केतकीही "बरं गं" म्हणून फोन ठेवी. पलीकडच्यांशी नक्षीबद्दल बोलणं म्हणजे गावाशी बेइमानी, असा जुना हट्ट होता.

यंदा तात्या केतकीला म्हणाले, "सूनबाई, अशी लाट काढ, की पलीकडच्यांनी तोंडात बोट घालावं."

केतकीनं तशीच लाट काढली. ती काठावरून संथ निघे, मध्ये डुले आणि शेवटी अशी उंच उसळे, की आता पाणी अंगावर येईल असं वाटावं. तात्या खूश झाले.

"हेच! संपताना आपण कसे वर!"

केतकीनं लाटेच्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तात्या, हंसाची लाट मागल्या वर्षी खालून सुरू झाली होती. ही वर संपली तर सांधा तुटेल."

"तिथे हार असतो ना."

"हाराखाली झाकलं तरी जुळलं असं होत नाही, तात्या. आणि पाटील काय म्हणालेत, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"म्हणू देत. वाकायचं तर त्यांनी वाकावं. आपण का?"

एवढं बोलून तात्या रंग बघायला निघून गेले. केतकी एकटीच बसली. ती शेवटची उसळी तिला स्वतःलाही फार आवडली होती. इतकं चांगलं वळण तिच्या हातून आधी कधी निघालं नव्हतं. पण डोळ्यांसमोर दोन काठांना बांधलेली दोन तोकडी कापडं येत होती आणि त्यांच्या मधली उघडी नदी. शेवटी तिनं लाटेच्या टोकाचा बिंदू धरला आणि हळूच खाली आणला. उसळी गेली. लाट खळग्यात जाऊन थांबली.

फोन शेजारीच पडला होता. एकदा तिचा हात तिकडे गेलाही. पण नियम आठवला आणि तिनं हात मागे घेतला.

तात्यांनी बदललेली नक्षी पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"माहेरची ओढ गं तुला!"

"ओढ आहेच तात्या," केतकी शांतपणे म्हणाली, "पण दोन्हीकडची आहे. एका बाजूनं ओढून कापड ताठ राहतं का?"

तात्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली. ते पुटपुटले, "छापा मग. पण सांधा नाही बसला, तर सणाची नक्षी पुन्हा तुझ्याकडे नाही."

सणाचा दिवस उजाडला. दोन्ही काठ माणसांनी फुलले. होड्या नदीत ओळीनं उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावरून पांढरं कापड सरकत सरकत मध्यावर आलं. गणू भोयाच्या होडीत एका बाजूला तात्या आणि केतकी होते, दुसऱ्या बाजूला निंबगावचे पाटील आणि हंसा. नक्षी जिनं काढली तिनंच यंदा सांध्याचं टोक धरावं, असं ठरलं होतं. दोघी मैत्रिणी एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसत होत्या. दोघींच्याही मनात काहीतरी गोड गुपित आहे, असं दिसत होतं.

कापडं उलगडली. टोकाला टोक लागलं.

आणि दोघींचंही हसू मावळलं.

केतकीची लाट खाली संपली होती. हंसाची लाट वर सुरू झाली होती. सांधा नेहमीसारखाच तुटला होता. फक्त दरवर्षी जे वर असत ते खाली गेले होते आणि जे खाली असत ते वर आले होते.

"बघा! मुद्दाम केलंय यांनी!" पाटील ओरडले.

"आम्ही मुद्दाम? तुम्ही मुद्दाम!" तात्याही ओरडले. मग केतकीकडे वळून म्हणाले, "तरी मी सांगत होतो."

हंसाला मात्र काही ऐकूच येत नव्हतं. ती कापडाकडे बघत म्हणाली, "केतकी, तुमची लाट तर वर संपायची ना गं?"

"म्हणून तू वर घेतलीस?"

"मग काय! आमच्याकडच्या सगळ्यांची बोलणी खाल्ली त्यापायी. पण तू खाली का आणलीस?"

"तुझी खालून निघायची म्हणून!"

मग हंसाला अशी हसण्याची उबळ आली, की होडी डुलायला लागली. केतकीनंही पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना.

"बायांनो, हसा, पण बसून हसा," गणू भोई वल्हं सावरत म्हणाला. "यंदा फेट्याबरोबर पाटीलही पाण्यात जातील."

"हसण्यासारखं झालंय काय?" पाटलांनी विचारलं.

हंसानं डोळे पुसले. "काका, आम्ही दोघी एकमेकींसाठी वाकलो. आणि न विचारता वाकलो, म्हणून पुन्हा चुकलो."

तात्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी तात्यांकडे पाहिलं. समोरचा ताठ असला की भांडता येतं. इथे दोन्ही बाजू वाकल्या होत्या. आता भांडायचं तरी कसं?

पाटलांनी झेंडूचा हार उचलला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "चला, झाकून टाका. झालं ते झालं."

केतकीनं तो हार त्यांच्या हातातून घेतला. "झाकायला नको काका. आधी दुमड उघडा."

टाचण्यासाठी म्हणून दोन्ही कापडांच्या टोकांना हात-हातभर कोरा भाग सोडलेला असे. दरवर्षी तो दुमडून आत घालत. आज दोघींनी तो उघडला आणि कडेला कड लावून टाचला. दोन लाटांच्या मध्ये आता कोऱ्या पांढऱ्या कापडाची जागा झाली. केतकीनं हाराचं एक टोक आपल्या लाटेच्या खळग्यावर ठेवलं. दुसरं टोक हंसानं आपल्या लाटेच्या शेंड्यावर धरलं.

"माझ्याकडून सपाट निघू दे," केतकी म्हणाली. "आता चढव. अजून जरा."

"माझ्या शेंड्याशी पुन्हा सपाट येऊ दे. हात सरळ धर गं, चोच येईल!"

"मला शिकवतेस?"

"मग कुणाला? तुझी चोच बाई रोज पुसायच्या!"

हार हळूहळू वळला. खळग्यातून अलगद निघाला, मध्ये चढला आणि शेंड्यावर जाऊन विसावला. निळ्या रेघा एका बाजूनं त्या पिवळ्या रेघेत शिरल्या आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा निळ्या होऊन निघाल्या. दोघींनी सुईदोऱ्यानं हार जागच्या जागी टाचला.

गणू भोई वाकून बघत म्हणाला, "आजवर हा हार तुमचं भांडण झाकत होता. आज बिचाऱ्याला चांगलं काम मिळालं."

साडी वर उचलली गेली. कुंभेरीच्या काठावरून निघालेली लाट कुठेही न थांबता निंबगावच्या काठाला जाऊन पोचली. दोन्ही काठांवरून एकदम हाळी उठली. केतकीनं कापडावर हात ठेवला. दूर निंबगावच्या काठावर आईनं टोक हलकेच ओढलं. होडीतल्या केतकीला ते कळलं. तिनंही हलकेच ओढून उत्तर दिलं.

पाटील घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या वर्षी..."

केतकीनं कापड घट्ट धरलं.

"पुढच्या वर्षी या दोघींना आधीच एका कॉम्प्युटरपुढे बसवा. आमच्या गावचा नियम मी बघतो."

"आमच्या गावचा मी बघतो," तात्या म्हणाले. "आणि बसतील त्या आमच्या कारखान्यात."

"का? आमच्याकडे कॉम्प्युटर नाही की काय?"

"झालं सुरू!" गणू भोयानं कपाळाला हात लावला. "दोघींना माझ्या होडीतच बसवा म्हणजे मिटलं!"

यावर तात्या आणि पाटील दोघंही हसले आणि होडी काठाकडे वळली.

पुढच्या वर्षी दोघी खरोखरच शेजारी शेजारी बसल्या. केतकीची लाट संपली तिथूनच हंसाची सुरू झाली. आणि केतकीची ती उंच उसळी साडीच्या अगदी मधोमध आली. चढ कुंभेरीचा, उतार निंबगावचा. सांधा कुठे आहे, ते नक्षी काढणाऱ्यांनाही शोधावं लागे. आता हाराची गरज उरली नव्हती. पण दोघींनी निळ्या लाटांच्या मध्ये झेंडूच्या रंगाची एकच पिवळी रेघ काढली. ती या काठावरून त्या काठापर्यंत जाते. कुंभेरी आणि निंबगावची माणसं आजही ती रेघ आपल्या मुलांना बोट ठेवून दाखवतात.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी वाकणं चांगलंच; पण कुठे भेटायचं ते आधी एकमेकांना विचारावं. मनातल्या मनात केलेल्या त्यागापेक्षा मोकळेपणी विचारलेल्या एका शब्दानं माणसं लवकर जुळतात.